सौरघटातले ‘सेंद्रिय’ आणि शेतातले सेंद्रिय

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

सेंद्रिय नॅनोपदार्थांपासून बनणाऱ्या पर्यावरणस्नेही सौरघटांविषयी आपल्या विज्ञान पुरवणीत गेल्या रविवारी आलेले टिपण मी दोनदा वाचले. या विषयावर मराठीत फारसे लिहिले जात नाही, म्हणून ते छापल्याबद्दल आधी आभार मानतो. पत्र लिहिण्याचे खरे कारण मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या इमारतीच्या जिन्यात घडले. आमच्याकडील एक गृहस्थ पंतप्रधान सूर्यघर योजनेतून आपल्या गावच्या घरावर तीन किलोवॉटची यंत्रणा बसवण्याच्या तयारीत आहेत. ७८,००० रुपयांच्या अनुदानाचा अर्जही त्यांनी भरून ठेवला आहे. हातात आपली पुरवणी घेऊन ते मला म्हणाले, “काका, आता सेंद्रिय सोलर येतंय म्हणे. मग हे रासायनिक कशाला घ्यायचं? थांबू या की दोन वर्षं.”

त्यांना जे सांगितले तेच थोडे सविस्तर येथे लिहीत आहे, कारण असा समज करून घेणारे ते एकटे नसणार. मी शाई आणि रंगद्रव्ये बनवणाऱ्या कारखान्यात रसायनतंत्रज्ञ होतो आणि कोकणातील एका औद्योगिक वसाहतीत एकतीस वर्षे काढून निवृत्त झालो. सौरघट हा माझा विषय नव्हे, परंतु हे नवे सौरघट ज्या पदार्थांपासून बनतात त्यांच्या जवळच्या नातलगांशी माझा रोजचा संबंध होता, आणि त्या नात्यानेच चार शब्द लिहिण्याचे धाडस करतो.

पहिला घोळ ‘सेंद्रिय’ या शब्दाचा आहे. सेंद्रिय गूळ, सेंद्रिय भाजीपाला, सेंद्रिय खत अशा पाट्या वाचून आपल्या मनात या शब्दाला एक पावित्र्य चिकटले आहे. सेंद्रिय म्हणजे शेणामातीतले, निसर्गातून आलेले, विषमुक्त, असे आपण समजतो. रसायनशास्त्रात त्याचा अर्थ एवढाच, की त्या संयुगाचा सांगाडा कार्बनच्या अणूंचा आहे. अशी संयुगे सजीवांच्या शरीरातच घडू शकतात असे पूर्वी मानत, म्हणून हे नाव पडले. १८२८ मध्ये फ्रेडरिक व्होलर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने अमोनियम सायनेटपासून प्रयोगशाळेत युरिया तयार केला आणि त्या समजुतीला तडा गेला. नाव मात्र राहून गेले. ज्या युरियाची गोणी शेतात रिकामी केली की सेंद्रिय शेतीचे व्रत मोडते, तो युरिया रसायनशास्त्राच्या वहीत आजही सेंद्रिय संयुग म्हणूनच नोंदलेला आहे. डांबर, प्लॅस्टिक आणि डीडीटी हीदेखील त्याच वहीतली मंडळी. शालेय पुस्तकांतून ‘कार्बनी संयुगे’ असा सरळ शब्द रुळला आहे. आपणही यापुढे ‘कार्बनी सौरघट’ असे लिहावे, ही माझी पहिली विनंती. निम्मा गैरसमज तेवढ्यानेच टळेल.

हे कार्बनी पदार्थ परग्रहावरून आलेले नाहीत, हेही वाचकांना कळले पाहिजे. आपल्या रंगीत पानांवर जी निळी छटा दिसते, ती ज्या रंगद्रव्याने छापली जाते त्याचे नाव कॉपर थॅलोसायनिन. छपाईच्या चार मूळ शायांपैकी निळी शाई याच रंगद्रव्याची असते. थॅलिक अनहायड्राइड, तांब्याचा क्षार आणि युरिया एकत्र करून दोनशे अंशांच्या आसपास तापवले, की ते तयार होते (पुन्हा युरियाच!). १९८६ मध्ये अमेरिकेतील ईस्टमन कोडॅक कंपनीतील संशोधक चिंग टँग यांनी दोन कार्बनी थरांचा जो सौरघट जाहीर केला, त्यातला एक थर याच कॉपर थॅलोसायनिनचा होता आणि दुसरा पेरिलीन गटातील एका रंगद्रव्याचा, ज्याची भावंडे मोटारींच्या मरून रंगात वापरली जातात. पडलेल्या उन्हापैकी सुमारे एक टक्का ऊर्जेची वीज त्या घटाने करून दाखवली. आकडा आज हास्यास्पद वाटेल, परंतु वाट तिथून फुटली. पुढच्याच वर्षी टँग यांनी एका सहकाऱ्यासह याच प्रकारच्या पातळ थरांतून वीज सोडून उलट प्रकाश काढून दाखवला, आणि आज अनेकांच्या खिशातील मोबाइलचा ओएलईडी पडदा ही त्याच शोधाची संतती आहे.

टिपणात ‘नॅनो’ हा शब्द बराच वापरला आहे, परंतु नॅनो का लागते हे आलेले नाही, आणि या विषयाची सगळी खुबी तिथेच आहे. आज छतांवर दिसणाऱ्या सिलिकॉनच्या घटात प्रकाश पडला की सुटा झालेला इलेक्ट्रॉन आणि त्याच्या मागे उरलेली रिकामी जागा जवळजवळ लगेच एकमेकांपासून मोकळी होतात आणि आपापल्या दिशेने चालू लागतात. कार्बनी पदार्थात तसे घडत नाही. तिथे ही जोडी एकमेकांना धरून बसते आणि तशीच जोडीने भटकते. साधारण दहा नॅनोमीटर भटकंती होईपर्यंत तिला दुसऱ्या, इलेक्ट्रॉन ओढून घेणाऱ्या पदार्थाची सीमा भेटली तर जोडी फुटते आणि वीज मिळते. नाही भेटली तर मिळालेली ऊर्जा उष्णतेत किंवा क्षीण प्रकाशात वाया जाते. दहा नॅनोमीटर म्हणजे केसाच्या जाडीचा काही हजारावा भाग. टँग यांच्या घटात दोन थर एकावर एक होते, त्यामुळे सीमेलगतचीच जोडपी कामी येत. १९९५ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा येथील ॲलन हीगर यांच्या गटाने थर एकावर एक ठेवण्याऐवजी दोन्ही पदार्थ एकाच द्रावणात कालवून त्यांचा एक पातळ थर पसरला. वीजवाहक बहुवारिकांच्या (पॉलिमरच्या) शोधासाठी २००० सालचे रसायनशास्त्राचे नोबेल ज्या तिघांना मिळाले, त्यांपैकी हे एक.

खिचडीशी तुलना केली तर ही रचना चटकन समजेल. प्रत्येक तांदळाला कुठे ना कुठे डाळ टेकलेली हवी, म्हणजे जोडी फुटेल. परंतु तांदूळ तांदळाला आणि डाळ डाळीला लागून पातेल्याच्या काठापर्यंत वाटही राहिली पाहिजे, नाहीतर सुटलेला इलेक्ट्रॉन मधेच अडकेल. फार शिजून लगदा झाला तर वाट बुजते, कच्ची राहून डाळ-तांदूळ वेगळे पडले तर भेट होत नाही. या खिचडीचा पोत दहा-वीस नॅनोमीटरच्या मापात जमवणे म्हणजे कार्बनी सौरघटाचे शास्त्र. द्रावक किती वेगाने उडतो, थर किती अंशांवर सुकवतो, रेणूला बाजूच्या साखळ्या केवढ्या लांब आहेत, यावर ते ठरते. रंगद्रव्याच्या धंद्यातील माणसाला हे नवे वाटत नाही. रेणू तोच असला तरी कणाचा आकार आणि स्फटिकाची ठेवण बदलली की आमची निळी छटा तांबुसकडे किंवा हिरव्याकडे झुकायची, आणि मिठाबरोबर तासन्‌तास मळून आम्ही कण शंभर नॅनोमीटरच्या खाली आणायचो. नॅनो हा शब्द मात्र तेव्हा कारखान्यात कोणी उच्चारत नव्हते.

ही खिचडी गेल्या तीस वर्षांत बरीच सुधारली आहे. प्रारंभी इलेक्ट्रॉन ओढण्याचे काम फुलरिन, म्हणजे साठ कार्बन अणूंच्या चेंडूपासून बनवलेली संयुगे करीत, आणि कार्यक्षमता चार-पाच टक्के, नंतर दहा-अकरा टक्के अशी रेंगाळली. २०१५ मध्ये चीनमध्ये फुलरिनला पर्याय ठरणारे लांबट, चपटे रेणू पुढे आले. २०१९ मध्ये चांगशा येथील सेंट्रल साउथ विद्यापीठाच्या यिंगपिंग झोउ यांच्या गटाने वाय-६ नावाचा रेणू जाहीर केला, ज्याने १५.७ टक्क्यांचा पल्ला गाठला. त्याच घराण्यातील रेणूंनी प्रयोगशाळेतील आकडा आता वीस टक्क्यांच्या आसपास नेला आहे. आपल्या टिपणात “सिलिकॉनच्या तोडीस तोड” असे म्हटले आहे ते याच आकड्यावरून. पण वीस टक्क्यांचा हा घट बहुधा एक चौरस सेंटिमीटरहूनही लहान, म्हणजे हरभऱ्याच्या दाण्यापेक्षा फार मोठा नसतो. तोच थर चौरस मीटरभर पसरला की जाडी सगळीकडे सारखी राहत नाही, जोडणीच्या रेषांत जागा जाते, कुठेतरी एखादा धुळीचा कण बसतो, आणि आकडा खाली येतो. छतावरचे सिलिकॉनचे पॅनेल मात्र आज पूर्ण आकारात वीस-बावीस टक्के देते. आकडा छापताना त्याच्या शेजारी घटाचे क्षेत्रफळ छापण्याची शिस्त वृत्तपत्राने पाळावी, एवढेच यावर म्हणतो.

आता ‘शाश्वत’ या विशेषणाकडे येतो. कार्बनी घटाच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे, आणि ते मी हातचे न राखता मांडतो. सिलिकॉन प्रकाश शोषण्यात आळशी आहे, म्हणून त्याची चकती दीडशे ते पावणेदोनशे मायक्रॉन जाड लागते (एक मायक्रॉन म्हणजे हजार नॅनोमीटर). कार्बनी रंगद्रव्ये प्रकाश इतकी अधाशीपणे पितात, की शंभर नॅनोमीटरचा थर पुरतो. साधा गुणाकार करून पाहिला. एक चौरस मीटर सौरघटासाठी १७० मायक्रॉन जाडीने जवळजवळ चारशे ग्रॅम सिलिकॉन लागते, आणि चकत्या कापताना उडणारा भुसा वेगळाच. तेवढ्याच क्षेत्राच्या शंभर नॅनोमीटर कार्बनी थराला एक ग्रॅमचा आठवा भाग, म्हणजे चिमूटभर मीठसुद्धा नव्हे, एवढा पदार्थ पुरतो. सिलिकॉन मिळवायचे तर गारेचा दगड कोळशाबरोबर विजेच्या भट्टीत दोन हजार अंशांच्या जवळपास तापवावा लागतो, मग ते शुद्ध करून पुन्हा १,४१४ अंशांवर वितळवून त्याचा स्फटिक ओढावा लागतो. कार्बनी घट शाईसारखा छापता येतो आणि शंभर-दीडशे अंशांत सुकतो.

हे सगळे खरे असूनही हिशेब इथे संपत नाही. ते एक-अष्टमांश ग्रॅम रंगद्रव्य येते कुठून? वाय-६ सारखा रेणू दहा-बारा टप्प्यांच्या संश्लेषणातून बनतो. प्रत्येक टप्प्यावर थोडा माल हरवतो, प्रत्येक टप्प्यावर द्रावक लागतो, धुण्याचे पाणी निघते, गाळणीवर कचरा उरतो. त्याच्या जोडीला वापरल्या जाणाऱ्या बहुवारिकांची साखळी जोडण्यासाठी पॅलेडियमचा उत्प्रेरक आणि बहुधा कथिलाची विषारी संयुगे लागतात. सांडपाण्याच्या टाकीजवळ ज्याने पाळ्या केल्या आहेत, त्याला अंतिम मालाच्या वजनावरून कारखान्याचा स्वभाव ठरवू नये हे कळते. पुन्हा चांगला पोत मिळण्यासाठी प्रयोगशाळेत क्लोरोफॉर्म किंवा क्लोरोबेंझीन हे द्रावक वापरण्याची सवय आहे. काही वर्षांपूर्वी एका नातलग मुलीच्या प्रयोगशाळेत मी हा प्रकार जवळून पाहिला. नायट्रोजन भरलेल्या काचपेटीत, जाड रबरी हातमोज्यांत हात घालून तिने नखाएवढ्या काचेवर वांगी रंगाच्या द्रावणाचे दोन थेंब टाकले आणि काच गरगर फिरवली. क्षणात काचेवर साबणाच्या फुग्यासारखा पातळ जांभळा पडदा उरला. मी मात्र काचेभोवतीच्या वाटीकडे पाहत होतो. टाकलेल्या द्रावणातला बहुतेक भाग त्या वाटीच्या भिंतीवर उडाला होता आणि पुसायला घेतलेला कागद गडद जांभळा झाला होता. ती म्हणाली, “काका, रेकॉर्ड असाच होतो.” आता झायलीन, ॲनिसोल अशा कमी घातक द्रावकांतून आणि वाया न घालवणाऱ्या छपाईच्या पद्धतींनी तोच पोत मिळवण्यावर जगभर काम चालू आहे, काही ठिकाणी चांगले यशही आले आहे. माझ्या मते या क्षेत्रातली खरी बातमी ही आहे. दशांश टक्क्याने वाढलेला विक्रम नव्हे.

मराठीत ‘शाश्वत’साठी आपण कधीकधी ‘टिकाऊ’ असाही शब्द वापरतो, आणि कार्बनी घट नेमका याच शब्दावर अडखळतो. प्राणवायू, बाष्प आणि अतिनील किरण त्याच्या रेणूंचे बंध तोडतात. हे कुठल्याही दुकानाच्या जुन्या पाटीचा उडालेला रंग पाहणाऱ्याला सांगायला नको. शिवाय उन्हाने तापल्यावर ती नॅनोमापाची खिचडी हळूहळू विसकटते, डाळ डाळीकडे आणि तांदूळ तांदळाकडे सरकतो, आणि रेणू शाबूत असूनही वीज घटते. बाष्प रोखायला वरून जो पारदर्शक पापुद्रा लागतो, तो वेफर्सच्या चकचकीत पाकिटापेक्षा किमान हजारपटीने अभेद्य हवा, आणि असा पापुद्रा स्वस्त नसतो. सिलिकॉनच्या पॅनेलवर पंचवीस वर्षांची हमी मिळते. ते बनवताना खर्चलेली ऊर्जा आपल्यासारख्या उन्हाच्या देशात साधारण वर्ष-दीड वर्षात फिटते आणि पुढची वीस-बावीस वर्षे निव्वळ कमाई असते. कार्बनी घटाची उधारी काही महिन्यांतच फिटू शकेल, हे मान्य. पण तो पाच-सात वर्षांनी बदलावा लागला, तर लवकर फेडीचे ते कौतुक कशाला?

आपल्या हवेत तर हा प्रश्न अधिकच बोचरा आहे. आयआयटी मुंबईच्या राष्ट्रीय सौरप्रकाशविद्युत संशोधन केंद्राने राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेबरोबर २०१३ पासून देशभरातील पॅनेलांची जागेवर जाऊन पाहणी केली, आणि उष्ण प्रदेशात, त्यातही छोट्या, छतावरील यंत्रणांत, पॅनेले अपेक्षेपेक्षा वेगाने निकामी होतात असे तिला आढळले. जिथे सिलिकॉन घामाघूम होते, तिथे कार्बनी घटाचे काय होईल हे युरोपातल्या प्रयोगशाळेतील थंड हवेवरून ठरवता येणार नाही. मी राहतो त्या चिपळुणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि जुलैत कपाटातल्या चामडी पट्ट्याला बुरशी येते. कार्बनी घटाची एक कसोटी विदर्भाच्या मे महिन्यात आणि दुसरी कोकणाच्या जुलैत व्हायला हवी.

केवळ शंका काढतो आहे असे वाटू नये म्हणून एक जुना दाखला देतो. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात २००१ मध्ये कोनार्का नावाची कंपनी निघाली. संस्थापकांत हीगरही होते. पोलरॉइडच्या बंद पडलेल्या कारखान्यात, जिथे पूर्वी छायाचित्रांच्या फिल्मवर थर चढत, तिथे या कंपनीने प्लॅस्टिकच्या रिळावर सौरघट छापायला घेतले. कल्पना अप्रतिम होती, आणि छपाईच्या धंद्यातील आम्ही मंडळी ती बातमी वाचून खूश झालो होतो. २०१२ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. फिल्मची कार्यक्षमता आणि आयुष्य कमी होते, आणि त्याच काळात चिनी कारखान्यांनी सिलिकॉनच्या किमती धडाधड खाली आणल्या. तेव्हाही “दोन वर्षांत छतावर” असेच छापून येत असे.

तरीही मला या घटांचे भवितव्य दिसते, पण ते छतावर सिलिकॉनशी कुस्ती खेळण्यात नाही. काचेचे पॅनेल चौरस मीटरला दहा-बारा किलो भरते. छापलेली फिल्म एक-दोन किलोंत येते. कारखान्यांच्या आणि गोदामांच्या जुन्या पत्र्यांवर, जिथे अभियंता काचेच्या पॅनेलांना परवानगीच देणार नाही, तिथे ती चिकटवता येईल. घरातल्या दिव्याच्या उजेडावर चालणारी छोटी उपकरणे हे आणखी एक क्षेत्र. सीएसआयआर, म्हणजे वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद, हिच्या त्रिवेंद्रमच्या संस्थेत रंजकद्रव्याच्या सौरघटांवर, म्हणजे कार्बनी घटांच्या चुलत भावंडांवर, नेमके याच दिशेने काम झाले आहे. मला सर्वांत आकर्षक वाटते ती मात्र शेतीतली शक्यता. वनस्पती प्रकाशसंश्लेषणासाठी ४०० ते ७०० नॅनोमीटरचा प्रकाश वापरतात. वाय-६ च्या घराण्यातले रेणू त्यापलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश चांगला शोषतात. पिकाला हवा तो प्रकाश बराचसा खाली सोडून उरलेल्याची वीज करणारा पडदा पॉलिहाऊसवर ताणता आला, तर पुणे-नाशिकच्या फुलशेतीवाल्यांना आणि द्राक्षावर प्लॅस्टिकचे आच्छादन घालणाऱ्या बागायतदारांना त्यात रस वाटेल. ते प्लॅस्टिक नाहीतरी चार-पाच वर्षांनी बदलावेच लागते. कमी आयुष्याचा घट तिथे दोष ठरणार नाही, फक्त तो उतरवल्यावर कुठे जाणार एवढे आधी ठरलेले हवे.

उतरवल्यावर कुठे जाणार, हा प्रश्न मला का छळतो ते सांगतो. आमच्या इमारतीच्या गच्चीवर बारा वर्षांपूर्वी सौरयंत्रणा बसवली. मे २०२१ च्या तौक्ते वादळात उडून आलेल्या पत्र्याने त्यातली दोन पॅनेले फुटली. बसवून देणाऱ्याचा दूरध्वनी तोवर बंद झाला होता. शेवटी भंगारवाल्याला बोलावले. त्याने दहा मिनिटांत ॲल्युमिनियमची चौकट उचकटली, मागच्या डबीतली तांब्याची वायर तोडून घेतली, पैसे हातावर ठेवले आणि उरलेला काचेचा पत्रा भिंतीला टेकवून निघून गेला. “याचं काय करू साहेब, हे सुटत नाही,” एवढेच तो म्हणाला. ते खरेच सुटत नाही. काचेला कोळ्याच्या जाळ्यासारखे हजार तडे गेलेले आहेत, तरी एक तुकडा खाली पडत नाही, कारण काच, निळे सिलिकॉन आणि मागचे प्लॅस्टिक यांना एका पारदर्शक डिंकाने उष्णतेवर एकजीव केलेले असते. मी लुकणाची पट्टी तापवून एक कोपरा सोडवून पाहिला. बोट कापले, पण थर सुटला नाही. तो डिंक पंचवीस वर्षे पाणी आत येऊ नये म्हणूनच शोधलेला आहे. जी गोष्ट त्याला टिकाऊ करते तीच त्याचा पुनर्वापर अडवते, आणि आत चांदी, जोडांना शिसे, हे सगळे तसेच भिंतीला टेकून उभे आहे.

या बाबतीत कार्बनी घटांपाशी एक मोठी संधी आहे, कारण त्यांची रचना अजून पक्की ठरलेली नाही. २०१३ मध्ये अमेरिकेतील जॉर्जिया टेक आणि पर्ड्यू विद्यापीठांच्या संशोधकांनी लाकडातील सेल्युलोजच्या नॅनोस्फटिकांच्या पारदर्शक पापुद्र्यावर कार्बनी सौरघट बांधला. कार्यक्षमता जेमतेम २.७ टक्के होती, पण काम संपल्यावर तो साध्या पाण्यात बुडवला की पापुद्रा विरघळून बाकीचे घटक वेगळे होत. (आमच्या कोकणात तो मृगाच्या पहिल्या सरीलाच वेगळा झाला असता, हे उघड आहे, म्हणजे त्यालाही अंगरखा लागणारच.) या प्रयोगाचे महत्त्व आकड्यात नाही. घट सुटा कसा करायचा याचा विचार तो बांधतानाच केला गेला, हे मला त्यात मोलाचे वाटते. यासाठी लागणारा कच्चा माल आपल्या दारात आहे. मुंबईत माटुंग्याला असलेल्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेत नॅनोसेल्युलोज बनवणारा प्रायोगिक कारखाना आहे, आणि सरकी काढल्यावर तिला चिकटून राहणारा आखूड तंतू हा त्याचा कच्चा माल होऊ शकतो. उसाच्या चिपाडातूनही नॅनोसेल्युलोज काढता येते. विदर्भ-मराठवाड्यातील जिनिंग आणि पश्चिम महाराष्ट्रातील साखर कारखाने यांच्या आसपासच्या विद्यापीठांनी सौरघटाच्या आधारपटासाठी आणि त्याच्या बाष्परोधक लेपासाठी या दोन मालांवर काम केले, तर ‘सेंद्रिय’ या शब्दाचे दोन्ही अर्थ एकदा तरी एकत्र येतील. परदेशातून रेणू मागवून विक्रमाच्या मागे धावण्यापेक्षा ते आपल्या आवाक्यातले आहे.

राहता राहिला प्रश्न जिन्यातल्या गृहस्थांचा. मी त्यांना अर्ज मागे घेऊ नका असे सांगितले. आज मिळणारे सिलिकॉनचे पॅनेल बसवा, पण देयकावर उत्पादकाचे नाव आणि प्रत्येक पॅनेलचा अनुक्रमांक लिहून घ्या, आणि जुने पॅनेल परत कोण घेणार हे विक्रेत्याला लेखी विचारा. त्यांनी विचारले. विक्रेत्याने, असा प्रश्न पहिल्यांदाच कोणी विचारला, असे उत्तर दिले.

आता शेवटची विनंती, आणि ती मी आपल्या पानाकडेच करतो. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा व्यवस्थापन नियमांत सौर पॅनेलांचा समावेश आहे, आणि निकामी पॅनेले २०३४-३५ पर्यंत नियमानुसार साठवून ठेवण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहे. परंतु एखाद्या तालुक्याच्या गावातील गृहनिर्माण संस्थेने आपली दोन फुटकी पॅनेले नेमकी कोणाच्या हवाली करायची, हे मला नगरपालिकेत, वीज कार्यालयात किंवा दुकानात कोणीही सांगू शकले नाही. आपल्या वार्ताहरांनी जिल्हावार अशी ठिकाणे शोधून ती पत्त्यांसह छापावीत. आमची दोन पॅनेले पाण्याच्या पंपाच्या खोलीमागे, पावसाळी कापड झाकून, अजून उभी आहेत.

आपला नम्र,
एक निवृत्त रसायनतंत्रज्ञ,
चिपळूण